हौशी रेडिओ : परवाना एकाचा, आधार गावाचा

(जामनेर येथे पालक, शिक्षक आणि युवक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पाचोऱ्याहून निघून शेंदुर्णी, पहूर करीत जामनेरला येणारी छोटी रेल्वे या परिसराने सुमारे शंभर वर्षे पाहिली. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुढे मार्गाच्या रुंदीकरणाचा विषय सुरू झाला. त्याआधी, १५ जुलै २०१३ रोजी, देशातील तारसेवा बंद झाली होती. ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांना तार ऑफिसातील 'कडकट्ट' आठवत असेल. 'तार आली' एवढे शब्द कानी पडले की घरातील माणसे हातचे काम टाकून दाराशी येत असत.

तार गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. तिच्यापेक्षा शतपटीने वेगवान साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु तारेबरोबर गावातून एक माणूसही गेला. आलेला संकेत कानाने ओळखणारा, अक्षर न् अक्षर लिहून घेणारा, शंका आल्यास पुन्हा विचारणारा आणि खात्री झाल्याशिवाय संदेश पुढे न देणारा असा तो माणूस होता. आज निरोप पाठविणारे घरोघरी आहेत; तो निरोप कोणत्या वाटेने जातो आणि वाट बंद पडली तर काय करावे, हे जाणणारा माणूस मात्र तालुक्यात शोधावा लागतो.

या शोधाची निकड कधी भासते? ३१ ऑगस्ट २०२१ चा दिवस खानदेश विसरलेला नाही. तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगावात हाहाकार उडाला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. अशा दिवशी मोबाईलची यंत्रणा चालू राहिली तर उत्तमच. पण ती कशावर उभी आहे, याचा विचार करावा लागतो. मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली की बॅटरी किंवा जनरेटर काही तास साथ देतो. तो मनोरा पुढच्या जाळ्याशी बहुधा जमिनीखालच्या तारेने किंवा दुसऱ्या मनोऱ्यामार्फत जोडलेला असतो. पूल वाहून गेला की त्याच्या अंगाखांद्यावरून नेलेली तारही जाते. शिवाय संकटाच्या पहिल्या तासाला सगळेच फोन लावू लागतात आणि जाळे तुंबते. त्या वेळी कोणत्याही मनोऱ्याचा आधार न घेता दोन गावे परस्परांशी बोलू शकतील, असे साधन आहे काय? आहे. ते शंभर वर्षांचे जुने आहे आणि आजही तितकेच उपयोगी आहे. त्यालाच हौशी रेडिओ किंवा 'हॅम रेडिओ' म्हणतात.

तंत्र अवघड नाही

हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे. तेथे एकजण बोलतो आणि लाखो ऐकतात. येथे दोघे परस्परांशी बोलतात. ही सेवा पैशासाठी नसते. शिकणे, प्रयोग करणे आणि प्रसंगी उपयोगी पडणे हा तिचा हेतू. आपल्याकडे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा परीक्षा घेऊन तिचा परवाना देते. परवानाधारकाला स्वतःचे संकेतनाम मिळते. जगात ते दुसऱ्या कोणाचेही नसते. भारतातील संकेतनामे बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे जगाच्या पाठीवर कोठेही ती ऐकली की बोलणारा भारतीय आहे, हे कळते.

लघुलहरी जमिनीवरून निघून वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर आदळतात आणि तेथून वळून दूरवर खाली येतात. हा थर सूर्यामुळे तयार होतो. म्हणून दिवसा कोणती लहर लागेल आणि रात्री कोणती, हे बदलत जाते. सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत चांगला संपर्क होतो, म्हणजे महाराष्ट्र आणि शेजारची राज्ये आवाक्यात येतात. चौदा मेगाहर्ट्झवर परिस्थिती अनुकूल असेल तर युरोप किंवा जपान गाठता येतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या अतिलघु लहरी मात्र बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यांना उंची लागते. दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर आणि तापीपलीकडे सातपुडा असलेल्या या जिल्ह्याला उंचीची वानवा नाही.

आता अँटेना. तीनशे या संख्येला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ४२ मीटर येते. तिच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे जवळपास २० मीटर तांब्याची तार मध्यभागी तोडून तेथे केबल जोडली की कामचलाऊ अँटेना तयार होते. नववीतील विद्यार्थी हे गणित करू शकतो आणि ही तार जामनेरच्या एका गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर सहज पोहोचते. यंत्राला बारा व्होल्टचा पुरवठा लागतो, तो ट्रॅक्टरच्या बॅटरीतूनही मिळतो. वीज नसली, मनोरा नसला, तरी एवढ्यावर एक गाव बोलते राहू शकते.

मात्र यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. तार बांधणारा, बॅटरी जोडणारा, कोणत्या वेळी कोणती लहर लागेल हे ओळखणारा आणि गोंगाटातून क्षीण आवाज वेचून काढणारा माणूस तेथे हवा. यंत्र संकटाच्या दिवशी हेलिकॉप्टरने आणता येते. यंत्रावर बसणारा माणूस त्या दिवशी घडविता येत नाही. त्याची तयारी आधीच्या पाच-दहा वर्षांत कोणीतरी करून ठेवलेली असावी लागते.

डिसेंबर २००४ : हौसेचे कर्तव्य कसे झाले

हे सांगण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. हैदराबाद येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमान-निकोबारमधून हौशी प्रक्षेपणाची परवानगी सहजासहजी मिळत नसे. जगभरचे हौशी रेडिओचालक या दुर्मीळ संपर्कासाठी अनेक वर्षे आतुर होते. 'व्हीयू४आरबीआय' हे संकेतनाम घेऊन भारतीताई हवेवर आल्या आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून साद-प्रतिसाद सुरू झाला. हा सारा हौसेचा, आनंदाचा मामला होता.

२६ डिसेंबरच्या सकाळी धरणी हादरली आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. बेटांचा मुख्य भूमीशी असलेला नेहमीचा संपर्क कोलमडला. त्या क्षणी पोर्ट ब्लेअरमध्ये एक सज्ज रेडिओ केंद्र, उभारलेली अँटेना आणि ते चालविणारे प्रशिक्षित हात हजर होते. जगभरच्या हौशी मंडळींशी चाललेला संवाद थांबला आणि तेच केंद्र आपत्कालीन केंद्र झाले. प्रशासनाचे निरोप, अडकलेल्या पर्यटकांची खुशाली, नातेवाइकांची चौकशी असे संदेश या मार्गाने जाऊ लागले. पुढे या गटातील सहकारी निकोबारकडेही गेले आणि तेथून संपर्काची सोय झाली.

भारतीताई त्सुनामीसाठी तेथे गेल्या नव्हत्या. त्या आपली हौस जोपासण्यासाठी गेल्या होत्या. परंतु त्या हौसेत अनेक वर्षांची शिस्त होती, म्हणून ती क्षणात कर्तव्यात बदलू शकली. २००१ मध्ये भूजच्या भूकंपातही हौशी रेडिओचालकांनी संपर्काची बाजू सांभाळली. पश्चिम बंगालमधील वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लबचे सदस्य गंगासागर मेळ्यात चुकलेल्या यात्रेकरूंना त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. आपल्याकडे पंढरीची वारी आहे, नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. लाखोंच्या गर्दीत हात सुटलेल्या वृद्ध आईचा ठावठिकाणा लागणे ही त्या कुटुंबापुरती जगातील सर्वांत मोठी बातमी असते.

१९४२ चा धडा

महाराष्ट्राला या विषयाचा आणखी एक, अधिक जुना वारसा आहे. १९२१ साली कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी देशात हौशी रेडिओचा पाया घातला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द केले. तरीही १९४२ च्या आंदोलनात, २७ ऑगस्ट रोजी, मुंबईतून गुप्त रेडिओचा आवाज उमटला. नेते तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर निर्बंध होते. अशा वेळी उषा मेहता या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी देशाला बातम्या ऐकविल्या. पोलीस मागावर असल्याने केंद्राची जागा सतत बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, हे काम एकट्या मुलीचे नव्हते. कोणी पैसा उभा केला, कोणी घर दिले, कोणी बातम्या आणून पुरविल्या. 'शिकागो रेडिओ' या ध्वनिक्षेपकांच्या व्यवसायातील नानक मोटवाने यांच्याकडून साहित्याची मदत झाली. समाजाचे अनेक हात मागे होते, म्हणून तो आवाज तीन महिने टिकला.

दुसरी गोष्ट कटू आहे. प्रक्षेपक बांधणारे नरिमन प्रिंटर हे स्वतः परवाना गमावलेले हौशी रेडिओचालक होते. पकडले गेल्यानंतर ते पोलिसांना फितूर झाले. देशभक्तीने भारलेली मंडळी पुष्कळ होती, पण यंत्राचे मर्म जाणणारा जवळपास एकच होता आणि तोच ढासळला. तंत्रज्ञान एकाच माणसाच्या मुठीत राहिले की सारे कार्य त्याच्या एकट्याच्या धैर्यावर, प्रकृतीवर आणि नियतीवर अवलंबून राहते. आजच्या शांततेच्या काळातही हा धडा लागू आहे. तालुक्यात एक हुशार मुलगा परवाना मिळवितो, दोन वर्षांनी शिक्षणासाठी पुण्याला जातो आणि गच्चीवरची तार तशीच लोंबत राहते. असे होऊ द्यायचे नसेल, तर एका मुलापाठोपाठ दुसरा आणि दुसऱ्यापाठोपाठ तिसरी मुलगी तयार होत राहील, अशी रचना गावाला करावी लागेल.

एकटे मूल कोठे अडते?

नियमावलीनुसार वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी ही परीक्षा देऊ शकतो. प्रतिबंधित श्रेणीसाठी रेडिओचे प्राथमिक ज्ञान आणि नियम यांची परीक्षा असते. सर्वसाधारण श्रेणीसाठी त्याबरोबर मोर्स संकेतलिपीही येते. परवान्याचे शुल्क मोठे नाही. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या संकेतस्थळावरून करावा लागतो. नियम आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी ते तेथेच पाहून घ्यावेत. कागदावर हे सारे सोपे दिसते. मग तालुक्यांच्या गावी हौशी रेडिओचालक इतके विरळ का?

पहिली अडचण म्हणजे विचारायला कोणी नसते. पुस्तकात 'अनुनाद' हा शब्द वाचून मुलाला काही कळत नाही. दोन तारा हातात घेऊन कोणी दाखविले की पाच मिनिटांत उलगडा होतो. दुसरी अडचण परीक्षेची. तिच्यासाठी मुंबईसारख्या दूरच्या शहरी जावे लागते. जामनेरच्या शेतमजुराच्या मुलीला एका दिवसाच्या परीक्षेसाठी वडिलांची दोन दिवसांची मजुरी आणि दोघांचे गाडीभाडे मोडावे लागते. तिसरी अडचण यंत्राची. चांगला लघुलहरी प्रक्षेपक आजही महाग आहे, मध्यमवर्गीय कुटुंबालाही तो एकदम परवडत नाही. चौथी अडचण पोलीस पडताळणी आणि परवाना हाती येईपर्यंतच्या प्रतीक्षेची. या काळात मुलाचा उत्साह ओसरतो. आणि पाचवी अडचण घरातलीच असते. "हे खटाटोप कशाला? त्यापेक्षा अभ्यास कर," असे मूल ऐकत असते.

या पाचही अडचणी हुशारीच्या अभावी आलेल्या नाहीत. त्या सोबतीच्या अभावी आलेल्या आहेत. सरकार परवानगी देईल, परीक्षा घेईल. पण मुलाच्या शेजारी बसून पहिली तार सोलून देण्याचे काम सरकार करणार नाही. ते गावाचेच काम आहे.

गावाने काय करावे?

प्रारंभ ऐकण्यापासून करावा. हवेवरील लहरी ऐकण्यासाठी साधा लघुलहरी संच किंवा संगणकाला जोडायचा छोटा ग्राहक पुरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांनी एकत्र बसून ऐकावे. ऐकलेल्या केंद्राची वेळ, लहर, आवाजाची स्पष्टता वहीत लिहावी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा त्याच्या हौशी रेडिओचे प्रक्षेपण चालू असेल, तर ते १४५.८ मेगाहर्ट्झवर साध्या अँटेनानेही ऐकू येते. आकाशातून आलेला तो काही मिनिटांचा आवाज ज्या मुलाने स्वतः बांधलेल्या तारेवर पकडला, त्याला पुढे कोणी आग्रह करावा लागत नाही.

त्यानंतर माणसे जोडावीत. भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र. रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, दूरध्वनी खात्यात हयात घालविलेले आणि सैन्याच्या सिग्नल्स दलातून परतलेले अनेक गृहस्थ या जिल्ह्यात आहेत. सातपुड्यापलीकडे महू येथे सैन्याच्या सिग्नल्स प्रशिक्षण संस्थेतच १९४८ साली स्वतंत्र भारतातील हौशी रेडिओचालकांची संघटना उभी राहिली, हे त्यांपैकी काहींना ठाऊकही असेल. त्यांच्या बोटांत अजून मोर्सची लय आहे. सायंकाळी ओट्यावर बसून वेळ जात नाही म्हणणाऱ्या अशा आजोबांना सन्मानाने शाळेत बोलवावे. नातवाच्या वयाची मुले समोर बसून 'डा-डिट' गिरवू लागली की त्या वृद्धाचेही आयुष्य उजळते. टीव्ही-रेडिओ दुरुस्ती करणारे कारागीर प्रत्येक गावात आहेत. डाख देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे, कौशल्य त्यांच्याइतके कोणाकडे नाही. त्यांना गुरुजी म्हणण्यात कोणी कमीपणा मानू नये.

खर्चाची वाटणीही करता येते. एक प्रक्षेपक एका घराने घेण्याऐवजी दहा घरांनी मिळून शाळेसाठी घ्यावा. मंडळाच्या नावानेही परवाना काढता येतो. मात्र केंद्र चालविताना परवानाधारक जबाबदार व्यक्ती हजर असलीच पाहिजे. व्यापारी मंडळींनी परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा प्रवास उचलावा. पाच मुले आणि दोन शिक्षक एकत्र गेले की एकट्या बापाची मजुरी बुडत नाही. ज्याच्या घराची गच्ची उंच आहे, त्याने तारेसाठी जागा द्यावी. येथे एक सूचना आवर्जून करायला हवी. अँटेना वीजवाहिनीच्या जवळपासही बांधू नये, तिला योग्य अर्थिंग द्यावे आणि वीज कडाडत असताना केबल काढून ठेवावी. मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो. सायंकाळचा वर्ग कोठे भरतो, घरी परतताना सोबत कोण, या गोष्टींवर मुलगी येणार की नाही हे ठरते. म्हणून केंद्र शाळेत किंवा वस्तीतील एखाद्या कुटुंबात असावे आणि तेथे एखादी शिक्षिका किंवा गृहिणी उपस्थित असावी. त्या गृहिणीनेही परीक्षा द्यावी. उषा मेहता आणि भारती प्रसाद ही दोन नावे या विषयात अपवाद म्हणून राहू नयेत.

मैदानी मुलांसाठी या छंदात खेळही आहे. एका ठिकाणी छोटा प्रक्षेपक लपवितात आणि मुले दिशा दाखविणारी अँटेना हातात धरून त्याचा माग काढतात. रेडिओचा हा लपंडाव कांग नदीच्या काठाने किंवा कपाशी निघालेल्या रिकाम्या शेतांतून फार रंगेल. जगभरचे स्काऊट-गाईड १९५८ पासून दरवर्षी हवेवरचा मेळावा भरवितात. ऑक्टोबरमधील त्या दिवसांत आपल्या शाळेचे पथक परदेशी पथकाशी बोलू शकते. आणि दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी जामनेर, पाचोरा, चाळीसगाव, चोपडा अशी हजेरी हवेवर घेतली जावी. दहा मिनिटांची ही हजेरी म्हणजे संकटाची रंगीत तालीम होय. ती आपल्या तावडी-अहिराणीत झाली तरी बिघडत नाही. संदेश मात्र नेमका असला पाहिजे.

शिस्त आणि मर्यादा

हवेवर काय बोलू नये, याचेही नियम आहेत. व्यापार, जाहिरात, गाणी-मनोरंजन, गुप्त संकेत आणि राजकीय वादाचे विषय तेथे वर्ज्य आहेत. प्रत्येक संभाषणात आपले संकेतनाम सांगावे लागते, म्हणजे नाव लपवून काहीही बोलण्याची सोय नाही. ज्या पिढीला निनावी राहून वाटेल ते पुढे ढकलण्याची सवय जडत आहे, तिच्यासाठी हा मोठा संस्कार आहे. ऐकलेला संदेश परत म्हणून दाखवायचा, आकडे दोनदा विचारायचे, खात्री नसेल तर तसे सांगायचे, ही त्या तार ऑफिसातील माणसाची शिस्त आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे डब्यात आग लागल्याच्या अफवेने प्रवाशांनी रुळांवर उड्या घेतल्या आणि समोरून आलेल्या गाडीखाली अनेक जीव गेले. एका न तपासलेल्या शब्दाची किंमत काय असते, हे या परिसराने डोळ्यांनी पाहिले आहे.

सामाजिक कार्य करणाऱ्या सर्वच संस्था-संघटनांनी येथे एक पथ्य पाळावे. केंद्र उभारण्यास त्यांनी जरूर हातभार लावावा, परंतु तेथे आपला फलक आणि आपला प्रचार आणू नये. नियम तर तसा आहेच. त्याहून मोठे कारण असे की, पुराच्या पाण्याला वस्ती, जात, पंथ कळत नाही. जे केंद्र सर्वांचे निरोप नेणार आहे, त्याच्या बाकावर सर्व वस्त्यांतील आणि सर्व समाजांतील मुले-मुली पहिल्या दिवसापासून बसलेली असली पाहिजेत. संकटात विश्वास मागता येत नाही. तो आधी मिळवून ठेवावा लागतो.

सुरक्षेची शंका पालकांच्या मनात असते आणि ती रास्त आहे. बाजारात आणि ऑनलाइन मंचांवर स्वस्त वॉकीटॉकी मिळतात. परवान्याशिवाय त्या वापरणे बहुतेक वेळा बेकायदा ठरते. अशा विक्रीबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रीमंचांना नोटिसाही काढल्या. मुलांच्या हाती असे यंत्र हौसेने देऊ नये. उलट परवानाधारकाची नोंद सरकारकडे असते, पडताळणी झालेली असते आणि त्याला कायदा पाठ असतो. हौशी रेडिओचालकांचे जाणते मंडळ गावात असणे ही सुरक्षेला मदतच आहे.

आणि गुणांचे काय? दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत याचा एकही गुण वाढणार नाही, हे प्रांजळपणे सांगावे. पण वीज, लहरी, वर्तुळमापन, भूगोल हे विषय ज्याने हातांनी शिकले, त्याला ते घोकावे लागत नाहीत.

आकाश किती जवळ आहे

५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून 'हॅमसॅट' हा साडेबेचाळीस किलो वजनाचा भारतीय उपग्रह हौशी रेडिओसाठी अवकाशात गेला. त्यावरील एक संच भारतीयांनी बनविलेला होता आणि दुसरा हॉलंडमधील एका विद्यार्थ्याने. २०१४ पर्यंत त्याने जगभरच्या हौशी मंडळींना जोडले. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला 'स्वयम्' हा जेमतेम एक किलोचा उपग्रह अवकाशात झेपावला. हौशी रेडिओवरून संदेशांची देवाणघेवाण करणे हेच त्याचे काम होते. ४ जुलै २०२५ रोजी अंतराळ स्थानकावर असलेले शुभांशु शुक्ला बंगळुरू येथे जमलेल्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच. अंतराळवीर कल्पना चावला यांच्याकडेही हौशी रेडिओचा परवाना होता.

पुणे, बंगळुरू येथील ही मुले आकाशातून पडलेली नाहीत. त्यांच्या आसपास विचारायला माणूस होता, बसायला प्रयोगशाळा होती, चुकले तर हसून पुन्हा जोडून देणारा कोणी होता. जामनेरच्या मुलांकडे बुद्धी आहेच. उणीव आहे ती या तीन गोष्टींची आणि त्या देणे जामनेरकरांच्या हातात आहे.

म्हणून आज उठताना मोठे संकल्प नकोत. एका शाळेने आठवड्याची एक संध्याकाळ द्यावी. एका निवृत्त गृहस्थाने शिकविण्याचे मान्य करावे. एका घराने गच्ची द्यावी, एका दुकानदाराने परीक्षेचा प्रवास उचलावा आणि पाच पालकांनी आपले मूल पाठवावे. एवढ्यावर वर्ष-दोन वर्षांत या गावाला स्वतःचे संकेतनाम मिळू शकेल. त्यानंतर दर वर्षी आणखी दोन-तीन नावे त्यात पडत राहिली, तर शिक्षणासाठी बाहेर गेलेल्याची जागा रिकामी राहणार नाही.

पुढे कधी वाघूर-कांगेला पूर येईल, घाटात दरड कोसळेल, वीज जाईल आणि फोन मुके होतील. तो दिवस येऊ नये हीच प्रार्थना. पण आलाच, तर शाळेच्या खोलीत एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बॅटरीला तारा जोडून शांतपणे संकेतनाम उच्चारील आणि दुसऱ्या टोकाला पाचोऱ्याहून किंवा जळगावहून तिला उत्तर येईल. त्या उत्तराची तयारी आजच्या संध्याकाळपासून करावी, एवढीच सर्वांना विनंती.